पाचारण : पंडिता रमाबाईंची राहून गेलेली बाजू

‘पाचारण’ हा शब्द सोहारला येईपर्यंत मी फक्त वर्तमानपत्रात वाचला होता. ‘अग्निशामक दलाला पाचारण करण्यात आले’, ‘तज्ज्ञांना पाचारण’ वगैरे. बोलताना कुणी वापरल्याचं आठवत नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीत एका प्लांटच्या संगणक प्रणालीचं काम मी बघतो. त्या प्लांटमध्ये मेंटेनन्सला नगर जिल्ह्यातले एक काका आहेत. मराठी ख्रिस्ती. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी न चुकता उपासनेला जातात, दिवाळीला आमच्याकडे फराळाला येतात आणि चकली कडक झाली असेल तर तोंडावर सांगतात. एकदा चहाच्या वेळी सहज बोलता बोलता ते म्हणाले, “अरे, रमाबाईंना पाचारण झालं म्हणून माझी पणजी जगली. नाहीतर आज मी इथं कुठून असतो?”

मराठी ख्रिस्ती मंडळी हा शब्द ‘देवाची हाक’ या अर्थाने वापरतात हे मला तेव्हा कळलं. देव माणसाला एखाद्या कामासाठी बोलावतो, आणि ते काम बहुधा त्या माणसाच्या सोयीचं नसतं. काकांची पणजी 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून कुठून तरी केडगावला आली. तिचं मूळचं गाव कोणतं, आईबापांनी ठेवलेलं नाव काय, घरात कुणालाच माहीत नाही. घराण्याचा इतिहास सुरू होतो तो केडगावच्या फाटकापासून!

आपल्यापैकी बहुतेकांना रमाबाई शाळेच्या पुस्तकातल्या एका परिच्छेदापुरत्या माहीत असतात. संस्कृत पंडिता, स्त्रीशिक्षण, शारदा सदन, मग मुक्ती सदन, संपलं. त्या ख्रिस्ती झाल्या ही गोष्ट एकतर दबक्या आवाजात सांगितली जाते, नाहीतर त्यावरून त्यांना मोडीत काढलं जातं. त्यांचा धर्म वजा करून त्यांना थोर म्हणायचं ही आपली एक सोयीस्कर सवय आहे. मी स्वतः हिंदू घरातला, रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावणारा माणूस. पण काकांच्या बोलण्यानंतर रमाबाईंबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो, आणि माझं मत असं झालं की ती वजाबाकी केली तर बाईंच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या निर्णयाचा उलगडाच होत नाही. या लेखाचं निमित्त ते.

आधी थोडं आपल्या इथलं सांगतो. पाचारण झालं म्हणून सगळं सोडून निघालेली माणसं ओमानच्या किनाऱ्यालाही लागली आहेत. सोहार ज्या मुलखाचं मोठं बंदर होतं त्या मुलखाला जुन्या काळी ‘मझून’ म्हणत, आणि पूर्वेकडच्या सीरियन चर्चच्या सभांच्या नोंदींत इ.स. 424 पासून 676 पर्यंत मझूनचे बिशप आढळतात. म्हणजे इथे ख्रिस्ती प्रार्थना व्हायची ती केरळच्या आणि फिलिपिन्सच्या मंडळींबरोबर पहिल्यांदा आलेली नाही. अलीकडचं उदाहरण थॉमस व्हॅल्पी फ्रेंच यांचं. हे लाहोरचे पहिले बिशप. 1877 ते 1887 ते पद सांभाळून निवृत्त झाले. इतक्या भाषा येत की लोक त्यांना सात जिभांचा पाद्री म्हणत. इंग्लंडमध्ये आरामात राहायचं सोडून हे गृहस्थ 1891 च्या फेब्रुवारीत मस्कतला उतरले. वय 66. पाठीशी कुठलीही संस्था नाही. बाजारात बसायचं, कुणी ऐकलं तर अरबीतून शुभवर्तमान वाचून दाखवायचं, एवढाच कार्यक्रम. उन्हाळा सुरू झाल्यावर होडीने सीबला गेले, उन्हाने पडले, आणि 14 मे 1891 ला मस्कतमध्ये वारले. जेमतेम तीन महिने! मे महिन्यात सीब विमानतळाबाहेर पार्किंगपर्यंत चालत जाऊन बघा, म्हणजे त्यांनी काय केलं ते कळेल. मस्कतजवळच्या समुद्रकाठच्या एका खोपच्यात त्यांची कबर आहे.

दोन वर्षांनी, 1893 मध्ये, पीटर झ्वेमर नावाचा अमेरिकन तरुण तिथेच येऊन राहिला. 1896 साली गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांवरून सोडवलेली 18 आफ्रिकन मुलं त्याने सांभाळायला घेतली आणि त्यांची शाळा चालवली. दोन वर्षांत आजारी पडून तोही गेला. त्यानंतर आलेले डॉक्टर शॅरन थॉम्स 1913 मध्ये मत्राहला टेलिफोनच्या तारेचं काम करताना खांबावरून पडून वारले. त्यांचाच मुलगा वेल्स थॉम्स पुढे डॉक्टर होऊन 1939 मध्ये ओमानला परत आला आणि 1970 पर्यंत इथल्या लोकांवर उपचार करत राहिला.

पीटर झ्वेमर मस्कतला 18 पोरं सांभाळत होता त्याच सुमाराला, 1896 च्या अखेरीस, पुण्यात रमाबाईंच्या कानावर मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या येत होत्या.

त्या बातम्या त्यांना इतक्या का झोंबल्या हे कळायला त्यांचं लहानपण माहीत हवं. जन्म 23 एप्रिल 1858 चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, पण बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाच्या रोषाला पात्र झालेले. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव हिंडू लागलं. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात हातातलं सगळं संपलं. रमाबाई सोळा वर्षांच्या आसपास असताना थोड्या थोड्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीने आणि आजाराने गेले. आईची तिरडी उचलायला चौथा माणूस मिळेना. तेव्हा रमाबाई स्वतः चौथ्या झाल्या. उंचीने लहान, खांदा पुरेना, म्हणून त्यांना तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. पुढे त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी उत्तरेकडे गेले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून वाचायला वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्री काढल्या. 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या पंडितांनी ज्या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, ती ही.

नंतरची वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतात. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न, जात सोडून. 1881 मध्ये मुलगी मनोरमा. 1882 मध्ये पती पटकीने गेले. त्याच साली पुण्यात आर्य महिला समाज आणि हंटर कमिशनपुढची साक्ष. 1883 मध्ये इंग्लंड.

इंग्लंडमध्ये थोडं थांबू या. रमाबाईंनी बाप्तिस्मा का घेतला याची त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेली हकिगत फार साधी आहे. वॉन्टेजच्या ज्या जोगिणींकडे त्या राहत होत्या, त्यांनी लंडनमध्ये फुलहॅमला ‘वाट चुकलेल्या’ म्हटल्या जाणाऱ्या बायकांसाठी चालवलेलं एक घर त्यांना दाखवलं. अशा बायकांना कुणी प्रेमाने जवळ घेतं, त्यांची सेवा करतं, हे रमाबाईंनी आयुष्यात प्रथम पाहिलं. आपल्याकडे शास्त्रात अशांना काय शिक्षा सांगितली आहे ते त्यांना तोंडपाठ होतं! हे तुम्ही का करता असं विचारल्यावर एका जोगिणीने त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, जातीबाहेरची बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा देव. 29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

म्हणून त्या पाद्र्यांच्या ताब्यात गेल्या असं मात्र झालं नाही. वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचला की हसूही येतं आणि कौतुकही वाटतं. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या संस्कृतने काय पाप केलं, असा त्यांचा सवाल. चर्च म्हणतं म्हणून नव्हे, माझ्या सदसद्विवेकाला पटलं तरच, हा हेका शेवटपर्यंत. देवाचं ऐकायचं ठरवलेली माणसं मधल्या अधिकाऱ्यांना फार जड जातात.

अमेरिकेतून पैसा उभा करून 11 मार्च 1889 ला मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सुरुवातीच्याच विद्यार्थिनींमध्ये एक विधवा होत्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. अण्णासाहेब कर्व्यांशी त्यांचं लग्न 11 मार्च 1893 ला झालं. आपल्या हिंगण्याच्या संस्थेचा धागा असा रमाबाईंच्या ओसरीवर जातो. त्याच 1893 सालात वादळ उठलं. शाळेत धर्मशिक्षण देणार नाही असा शब्द होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, आणि काही मुली आपणहून येऊन बसायच्या. ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. मला इथे दोन्ही बाजू समजतात. विधवा मुलगी विश्वासाने ठेवणाऱ्या बापाला भीती वाटणारच. पण आईने स्वतःच्या खोलीत देवाचं नाव घ्यायचं तर दार लावून घ्यावं, ही अट कुठल्या घरात चालेल?

आता 1896 च्या अखेरीला येऊ. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने पैशाची हमी दिली होती ती दहा वर्षांची, म्हणजे 1898 पर्यंत. ती संपत आली होती. पुढची सोय म्हणून रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली होती (नगरजवळचं केडगाव वेगळं, बरं का), पण झाडं अजून लहान होती. आमच्या धंद्यात असा प्रस्ताव आला असता तर पहिल्याच मीटिंगमध्ये फेटाळला गेला असता. उत्पन्न नाही, जागा नाही, माणसं नाहीत, आणि काम वाढवायचं म्हणता?

त्या निघाल्या. देवाने मनात घातलं म्हणून निघाले, असंच त्यांनी याबद्दल सांगितलं आहे. उपाशी मरणं म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. मध्य प्रांतातल्या मदत छावण्यांमध्ये आणि गरीबखान्यांमध्ये त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या पोरी पाहिल्या, आणि त्या पोरी विकत घ्यायला फिरणारे दलालही पाहिले. एका मुलीची किंमत किती कमी होते दुष्काळात, हे त्या दलालांना बरोबर माहीत होतं. रमाबाई त्यांच्या आधी पोचायचा प्रयत्न करत राहिल्या. सगळ्या मिळून तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आणल्या.

तीनशे मुली म्हणजे दोन वेळची रोजची सहाशे ताटं. शिवाय उवा, खरूज, आमांश, आणि मिळालेली भाकरी उशाखाली लपवून ठेवणाऱ्या हातांची समजूत घालणं. त्यातच 1897 मध्ये पुण्यात प्लेग शिरला. शहरात एवढी गर्दी ठेवायला परवानगी मिळेना, तेव्हा मुलींना केडगावच्या उघड्या माळावर तात्पुरत्या निवाऱ्यात हलवलं. प्लेगच्या इस्पितळात बायकांची जी अवस्था होती त्याविरुद्ध त्याच वर्षी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये इतकं कडक पत्र लिहिलं की त्याची चर्चा विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेली आणि गव्हर्नराला खुलासा करावा लागला. ख्रिस्ती झाल्या म्हणजे सरकारच्या झाल्या असं समजणाऱ्यांनी एवढी नोंद करून ठेवावी.

24 सप्टेंबर 1898 ला मुक्ती सदनाची कोनशिला बसली. मग 1899–1900 चा दुष्काळ आला, गुजरात-काठेवाडचा, आणि पुन्हा शेकडो मुली आल्या. 1900 च्या सुमाराला केडगावात जवळजवळ दोन हजार माणसं जेवत होती. काकांची पणजी त्यातली एक. विहिरी खणल्या, शेती केली, गुरं ठेवली, विणकाम आणि तेलघाणा सुरू केला, छापखाना काढला. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, आंधळ्या मुलींसाठी बार्तीमी सदन. मनोरमेने ब्रेल शिकून घेऊन अंध मुलींना शिकवलं. ज्याला आपण आज नुसती ‘समाजसेवा’ म्हणतो त्याच्या आत हा एवढा रोजचा बारदाना असतो, आणि तो वर्षानुवर्षं कशाच्या जोरावर ओढायचा हा प्रश्न असतो. रमाबाईंचं उत्तर ठरलेलं होतं : ख्रिस्ताने माझ्यासाठी जीव दिला, आता माझा माझा म्हणून काही उरलेला नाही. हे उत्तर मला आपलंसं करता येत नाही. 1905 साली मुक्तीत प्रार्थनेची जी लाट आली, मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करू लागल्या, तेही मला परकं वाटतं. पण सहाशे ताटं त्या उत्तरावर वाढली गेली हे नाकारता येत नाही.

या सगळ्याची किंमत एकट्या रमाबाईंनी मोजली का? मला वाचताना सगळ्यात जास्त थांबवलं ते मनोरमेने. वडील गेले तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. इंग्लंडमध्ये आई चेल्टनहॅमला कॉलेजात, आणि ही चिमुरडी वॉन्टेजला जोगिणींकडे. तिने कुठल्या पद्धतीची प्रार्थना शिकायची यावर आईची आणि सिस्टर जेराल्डिनची पत्रापत्री चाललेली. पुढे आई अमेरिकेत व्याख्यानं देत हिंडत असताना तिला पुन्हा इंग्लंडला पाठवलं गेलं. आपल्या इथे किती घरांत दहावीच्या वर्षापासून मुलं पुण्या-नाशकात आजी-आजोबांकडे असतात, आणि आईबाप आठवड्याचे फोन मोजतात! आपण ते त्यांच्या भल्यासाठी करतो म्हणतो, आणि ते खरंही असतं. रमाबाई दुसऱ्यांच्या मुलींसाठी करत होत्या. मनोरमेला विचारलं कुणी नव्हतं. तिने मोठेपणी लग्न केलं नाही, आईच्या कामात स्वतःला घालून घेतलं, शाळा चालवली, गुलबर्ग्याला नवी शाळा काढली, आणि 24 जुलै 1921 ला, चाळिशीत, आईच्या आधी गेली. काकांना मी हे बोलून दाखवलं, तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तिला पण झालं असेल ना रे पाचारण. आपल्याला काय माहीत.” असेलही. माझं समाधान झालं नाही, पण वाद घालावासाही वाटला नाही.

शेवटच्या वीसेक वर्षांतलं रमाबाईंचं मोठं काम म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून केलेलं. आधीची भाषांतरं होती, पण त्यांची संस्कृतप्रचुर मराठी मुक्तीतल्या बायकांना समजायची नाही. आता गंमत बघा. ज्या बाईने संस्कृतच्या जोरावर कलकत्त्याच्या पंडितसभा जिंकल्या, आणि क्रुसावरच्या लॅटिनपुढे संस्कृतचा कैवार घेतला, ती बाई म्हातारपणी एकेक संस्कृत शब्द बाजूला काढत बसली. का, तर चुलीपुढच्या अडाणी बाईला वाचता यावं. वडिलांनी रानात बसून शिकवलेली विद्या हीच तिची एकुलती एक इस्टेट होती. काकांकडे या भाषांतराची एक जुनी प्रत आहे. मी चाळली. वाक्यं छोटी, ओबडधोबड, कधी कधी कानाला खटकणारी. साहित्य म्हणून तिला कुणी फारसं नावाजणार नाही, आणि ते त्यांना ठाऊक असणार.

खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं मुक्तीच्या बायका आणि मुलीच करत होत्या. ज्यांना दुष्काळात अक्षर ओळखता येत नव्हतं त्यांच्या हाताखालून हिब्रूवरून आलेलं मराठी पुस्तक ओळीओळीने तयार होत होतं. मुक्तीत असं सांगतात की रमाबाईंनी शेवटची प्रुफं तपासून होईपर्यंत आणखी थोडे दिवस मागून घेतले होते. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून झालं 1924 मध्ये.

मुक्ती मिशन केडगावला अजून चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगाव स्टेशनला उतरायचं.